वाकड्या पेशी

चांगुणा : चित्र फार सुंदर झालंय, मास्तर. पण हे माझं नाही.

मास्तर : तुझंच आहे. तू दिलेला कागद समोर ठेवूनच काढलं. ही चकती, मधोमध टोकाची जागा, भोवती एकात एक कडी. एक कडं कमी निघालं तर सांग.

चांगुणा : कडी बरोबर आहेत. कड्यांतल्या पेशी माझ्या नाहीत.

मास्तर : पेशी तुझ्याच. मी फक्त नीट केल्या.

चांगुणा : नीट केल्या?

मास्तर : मग काय करणार होतो? तुझ्या कागदावर त्या कशा होत्या ते आठव. चपट्या, दबलेल्या, कुणीतरी वर बसून उठल्यासारख्या. उद्या पुण्याला विद्यापीठात मोठमोठ्या प्राध्यापकांपुढे हा चार्ट टांगणार. म्हटलं, आपल्या शाळेच्या पोरीचं हसं नको व्हायला. एकूण एक पेशी षटकोनी करून घेतली. दोन दिवस गेले त्यात.

विठाबाई : दोन कुठले, तीन. जेवायला हाका मारून माझा घसा बसला. अन् तू आधी बस गं. उभ्या उभ्या काय भांडतेस मास्तरांशी? चहा ठेवलाय.

चांगुणा : भांडत नाही, काकू. दुपारच्या एशियाड बसचं रिझर्वेशन आहे. इथून सीबीएस स्टँडलाच जायचंय.

विठाबाई : मग घेऊन जा की. गुंडाळून दोरा बांधून देते.

चांगुणा : हे नेलं तर माझा प्रबंध खोटा ठरेल. इतकी वर्षं जे सांगतेय ते सगळं.

मास्तर : एका चित्रानं?

चांगुणा : या एका चित्रानं.

मास्तर : अगं, पेशी षटकोनीच असते. कांद्याच्या पापुद्र्याची काढली, बेडकाच्या कातडीची काढली, गालाच्या आतली काढली. तुमच्या कॉलेजातल्या भिंतीवरचा एकेक चार्ट माझा आहे. हा बघ साचा. पुठ्ठा कापून केला, कडांना मेण घासलं. ठेवायचा आणि पेन्सिल फिरवायची. आजवर एकाही प्राध्यापकानं नाव ठेवलं नाही.

चांगुणा : साच्यानं काढल्या?

मास्तर : आतल्या कड्यांना छोटा, बाहेरच्यांना मोठा. कळत नाही ना?

विठाबाई : माझ्या डाळीच्या डब्याखालचा पुठ्ठा हाय तो. मला विचारलंबी नाय.

चांगुणा : मास्तर, खरं सांगा. माझा कागद हातात घेतला तेव्हा काय वाटलं तुम्हाला?

मास्तर : खरं सांगू? वाटलं, हिचा हात अजून बसलेला नाही.

चांगुणा : सातवीत हेच म्हणाला होतात, सगळ्या वर्गापुढे. ‘निरभवण्यांची पोर हुशार, पण हात बसलेला नाही.’

मास्तर : आणि खोटं होतं का ते? तुझ्या चित्रातला माठ नेहमी कलंडलेला. त्यात पाणी भरलं असतं तर सांडलं असतं.

चांगुणा : खोटं नव्हतं. अजूनही माझी रेघ सरळ येत नाही. म्हणून तर चार्ट तुमच्याकडे दिला.

विठाबाई : कशाचं चित्र हाय ते मला कुणी सांगाल का? तीन दिस घरात चिलटाचा पाय, चिलटाचा पाय ऐकतेय. मला तर ही चकली दिसते.

चांगुणा : चकलीच आहे, काकू. सडक्या द्राक्षांवर बारीक चिलटं घोंगावतात ना, ती आधी अळी असतात. अळीला पाय नसतात. पण तिच्या पोटात पुढच्या प्रत्येक पायाची अशी एक चकली घडी घालून ठेवलेली असते. अळीचा कोष झाला की ही चकली मधोमध उचलल्यासारखी लांब होत जाते आणि तिचा पाय होतो. मधला ठिपका म्हणजे पायाचं टोक. बाहेरचं कडं अंगाला चिकटतं.

विठाबाई : एका चकलीचा एक पाय.

चांगुणा : एका चकलीचा एक पाय. पंखाचीही वेगळी असते, डोळ्याचीही.

विठाबाई : अन् ही चिलटं तू पाळतेस म्हणे.

चांगुणा : दुधाच्या बाटल्यांत. पिंपळगावच्या द्राक्षांच्या शेडवरून धरून आणली होती. तिथल्या बाया पोट धरून हसल्या. म्हणाल्या, आम्ही हाकलून हाकलून दमलो, तुला हवीत तेवढी ने. आता कॉलेजात रवा आणि गूळ शिजवून घालते त्यांना.

विठाबाई : म्हंजे शिरा! बाई गं. घरच्या माणसाला सणाला मिळतो तो.

मास्तर : तू जरा थांब गं. चांगुणा, हे सगळं मला तू सांगितलंयस. पण यात पेशीचा आकार कुठे आला? घड्या आहेत, घड्या उलगडतात, पाय लांब होतो. छत्री उघडली म्हणून कुणी कापडाचे धागे मोजत नाही.

चांगुणा : घड्या उलगडून जेवढी लांबी मिळते त्याहून पाय लांब होतो. आणि बारीकही होतो. घडी उलगडून कापड बारीक कसं होईल? नव्या पेशी तेवढ्या वेळात तयार होत नाहीत. मग ही जास्तीची लांबी येते कुठून, एवढाच माझा प्रबंध आहे.

मास्तर : आणि कोऱ्हाळकर सर काय म्हणतात?

चांगुणा : ते म्हणतात, पेशी जागा बदलतात. एकमेकींच्या मधे घुसतात. पाच जणींच्या रुंद रांगेची दोघींची लांब रांग होते.

मास्तर : ते तुझे गाईड आहेत ना? त्यांच्या सहीशिवाय प्रबंध पुढे जात नाही, तूच म्हणाली होतीस.

चांगुणा : जात नाही. आणि परदेशातलेही तसंच म्हणतात. मी म्हणते, पेशी जागच्या जागी राहतात. शेजार बदलत नाही. आकार बदलतो.

विठाबाई : मला नाय समजलं.

चांगुणा : शेतात दुपारी भाकरी खायला बाया गोल करून बसतात ना, काकू? मांडी घालून, गुडघ्याला गुडघा लावून. केवढा गोल होतो?

विठाबाई : बारा बाया असल्या तर मोठाच होतो की.

चांगुणा : आणि त्याच बाया जागच्या जागी उभ्या राहिल्या, खांद्याला खांदा लावून, तर?

विठाबाई : गोल आवळतो. अन् उंच होतो.

चांगुणा : झालं. माझा प्रबंध तुम्हीच सांगितलात. चकलीत पेशी मांडी घालून बसलेल्या असतात. कड्याच्या दिशेनं पसरट, दुसऱ्या दिशेनं आखूड. त्या उठल्या की कडं बारीक होतं आणि पाय लांबतो.

विठाबाई : पण बाया अशा सरळ उठत नाय कधी. एक पदर सावरती, एक म्हणती सरक गं, एकीला तिच्या मैतरणीजवळ जायचं असतं. उठेपर्यंत निम्म्या जागा बदलतात. आमच्या सायखेड्याला शेतावर येऊन बघ.

चांगुणा : काकू कोऱ्हाळकर सरांच्या पक्षात गेल्या!

विठाबाई : मी कुणाच्या पक्षात नाय. मी बाया बघितल्यात.

चांगुणा : सरांचंही तेच आहे. त्यांनीही पेशी खूप बघितल्यात. म्हणून मी नुसतं बघितलं नाही, मोजलं. बसलेली पेशी किती पसरट, उठलेली किती. तेवढ्या फरकानं पाय किती लांबायला हवा त्याचं गणित मांडलं. पाय जवळजवळ तेवढाच लांबतो, काकू. वर काही उरत नाही. मग जागा बदलायची कुणाला गरजच काय?

मास्तर : आणि माझ्या चित्रात...

चांगुणा : तुमच्या चित्रात सगळ्या आधीपासून उभ्याच आहेत. आधी चकतीतही षटकोनी, नंतर दुसऱ्या चार्टवरच्या पायातही तशाच. आकार बदललाच नाही तर पाय लांब होणार कसा? जागा बदलूनच. हे चित्र मी टांगलं, की माझ्या तोंडानं मी सरांचं म्हणणं सिद्ध करणार.

मास्तर : अरे देवा. तरीच ते एवढे खूश झाले.

चांगुणा : कोण?

मास्तर : कोऱ्हाळकर सर. काल आले होते, कॉलेजच्या प्रदर्शनाचे चार्ट न्यायला. हा भिंतीला टेकवून ठेवला होता. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, ‘धोंडीराम मास्तर, हेच तर मी तिला सांगत होतो.’ मला वाटलं, माझ्या कामाचं कौतुक चाललंय.

चांगुणा : आणखी काय म्हणाले?

मास्तर : जाऊ दे ना.

विठाबाई : सांगा की. मी होते तिथंच. म्हणाले, पोरीचा हात बसलेला नाही, तुम्ही सावरून घेतलंत ते बरं झालं.

चांगुणा : हेच शब्द?

मास्तर : शब्द आधी मीच वापरले. ते नुसते हो म्हणाले.

चांगुणा : बरं झालं, आज कळलं. उद्या सगळ्यांसमोर कळलं असतं.

मास्तर : चांगुणा, एक बोलू? वडिलांच्या जागी आहे म्हणून बोलतो. उद्या त्यांचं म्हणणं मान्य करून टाक. सही घे, पदवी घे. मग नावापुढे डॉक्टर लागलं की म्हण काय म्हणायचं ते. तेव्हा कोण अडवणार?

चांगुणा : तेव्हा मीच मला अडवीन. छापलेल्या प्रबंधात मी एक लिहिलेलं असेल आणि तोंडानं दुसरं सांगेन. कोण ऐकेल?

विठाबाई : बरोबर हाय तिचं. एकदा हो म्हटलं की जन्मभर हो म्हणावं लागतं. मला विचारा.

मास्तर : तुला कुणी विचारलं?

विठाबाई : तेच तर.

मास्तर : बरं. पण माझी एक शंका आहे, तिचा राग मानू नकोस. मी चित्रकलेचा मास्तर, मला विज्ञान कळत नाही. उद्या कुणी म्हणालं, बाई, पेशी चपट्या नाहीत, तुमचा हात वाकडा आहे, तर?

चांगुणा : हेच विचारणार आहेत. म्हणून तुम्हीच विचारा. आत्ता. कोऱ्हाळकर सर होऊन.

विठाबाई : जमंल त्यांना. घरात दुसरं काय करतात?

मास्तर : बरं तर. कुमारी निरभवणे, या रेघा तुम्ही कशा काढल्या?

चांगुणा : चकती चांदीच्या क्षारात बुडवली की पेशींच्या कडा काळ्या होतात. मायक्रोस्कोपला वर आरसा बसवला की त्याच कडा शेजारच्या कागदावर दिसतात. त्यांच्यावरून पेन्सिल फिरवली. मनानं एकही रेघ काढलेली नाही.

मास्तर : पण पेन्सिल धरणारा हात वाकडा असेल तर?

चांगुणा : कसा वाकडा? ते तुम्हीच सांगा. माझा माठ कुठल्या बाजूला कलंडायचा?

मास्तर : उजवीकडे.

चांगुणा : कधी डावीकडे?

मास्तर : कधीच नाही. हाताची खोड एकाच बाजूला जाते. कागदावर नाव नसलं तरी चित्र कुणाचं ते मी त्यावरून ओळखायचो.

चांगुणा : मग हा माझा मूळ कागद घ्या. कड्याच्या वरच्या अंगाच्या पेशी बघा. कशा आहेत?

मास्तर : आडव्या. आडव्या पसरलेल्या.

चांगुणा : आता उजव्या अंगाच्या.

मास्तर : या उभ्या आहेत. उभ्या लांबुळक्या.

चांगुणा : आणि दोन्हींच्या मधल्या?

मास्तर : तिरप्या. थांब, कागद फिरवतो. आता ही वर आली तर ही आडवी. आणखी फिरवला. हीही आडवी. अगं, या सगळ्या कड्याच्या अंगानंच लांब आहेत. खालीसुद्धा. डावीकडेसुद्धा.

चांगुणा : माझा हात गोल फिरून चुकतो का, मास्तर?

मास्तर : नाही.

चांगुणा : कुणाचा चुकतो?

मास्तर : कुणाचाच नाही. असा गोल चुकायला फार मोठा चित्रकार लागेल.

विठाबाई : काय झालं? कागद फिरवत काय बसलात?

मास्तर : तिचा हात चुकलेला नाही.

विठाबाई : मग कुणाचा चुकला?

मास्तर : चहा झाला का?

विठाबाई : कवाच झाला. गार झाला.

मास्तर : पण काच? वरून काच ठेवता ना तुम्ही? तिच्या दाबानं चपट्या झाल्या असतील.

चांगुणा : छान विचारलंत. काच सरकून दाबल्या गेल्या असत्या तर सगळ्या एकाच बाजूला ओढल्या गेल्या असत्या. कडं कुठे वळतंय ते काचेला कुठे कळतं?

मास्तर : हं. मग आता माझंच एक सांगतो, हसू नकोस. तुझा दुसरा कागद होता ना, पाय बाहेर आल्यानंतरचा? त्यातल्या पेशी छान होत्या, चारी बाजूंनी सारख्या. त्या मी तशाच ठेवल्या. म्हटलं, दुसऱ्या कागदापर्यंत पोरीचा हात बसला.

चांगुणा : दोन्ही एकाच दिवशी काढलेत, मास्तर. आणि दुसरा आधी काढला.

विठाबाई : म्हंजे हात बसला अन् पुन्हा उठला!

मास्तर : हास, हास. कॉलेजात जाऊन सांग सगळ्यांना.

चांगुणा : मी सांगणार आहे. उद्या कुणी हाताची शंका काढली, तर दोन्ही कागद शेजारी ठेवून हेच सांगणार. एक हात, एक दिवस, एक चांदी. फरक पडला तो पेशींत. हे मला सुचलं नव्हतं, तुमच्यामुळे सुचलं.

मास्तर : माझ्या चुकीमुळे म्हण.

चांगुणा : तसंही म्हणेन. पण आधी चार्ट. गाडीला अजून वेळ आहे.

मास्तर : अख्खी चकती? शक्य नाही.

चांगुणा : अख्खी नको. पायाचा चार्ट आहे तोच नेते. बाकीची कडी नुसत्या रेघांनी दाखवा. हे एक कडं पेशींनी भरायचं, पूर्ण गोल.

मास्तर : आणि कोऱ्हाळकर सर? काल त्यांनी जे पाहिलं ते उद्या तिथे नसणार. कॉलेजचं काम त्यांच्याच हातून येतं माझ्याकडे.

चांगुणा : ते सकाळीच पुण्याला गेलेत. उद्या बोलायला उभी राहण्याआधी मी स्वतः त्यांना सांगेन. आधीचं चित्र साच्याचं होतं, हे पेशींचं आहे. तुम्ही मी सांगितलं तेवढंच काढलंत. पटलं नाही तर सगळ्यांसमोर विचारा म्हणेन. ते न्यायी माणूस आहेत, मास्तर. हट्टी आहेत, पण आकडे समोर ठेवले की नजर चुकवत नाहीत.

मास्तर : भीती नाही वाटत?

चांगुणा : हे षटकोनी चित्र घेऊन गाडीत बसले असते तर वाटली असती.

(मास्तर पाटावर नवा कागद ताणून टाचण्या लावतात. टाक शाईत बुडवून एकेक पेशी काढू लागतात.)

मास्तर : जमत नाही गं. बघ, ही चपटी काढायला घेतली आणि झाली षटकोनी. हात आपोआप वळतो.

विठाबाई : इतकी वर्सं साच्यात घातलाय. एका सकाळीत कसा निघंल?

चांगुणा : मग पेन्सिलीनं मी काढते. तुम्ही तिच्यावरून शाई फिरवा.

मास्तर : तुझ्या हातानं? भिंतीवरच्या चार्टवर?

चांगुणा : माझ्या हातानं.

मास्तर : रेघ थरथरेल.

चांगुणा : थरथरली तिथे सावरा. पण मला विचारून. पेशीला हात लावायचा नाही.

मास्तर : निदान चौकटी तरी मी आखून देतो. तुझ्या कागदावर लहान, इथे मोठ्या. चौकटीत जिथे रेघ असेल तिथेच इथे काढायची. चौकट सरळ चालेल ना तुला?

चांगुणा : चौकट सरळच हवी.

विठाबाई : मी भाकरी थापायला घेते. ठेचा बांधून देऊ का गं? पुण्यात गोड गोड खाऊन तोंड आंबंल.

चांगुणा : द्या काकू. जास्त द्या. सरांनाही देईन उद्या.

विठाबाई : त्यांना नंतर दे. सही झाल्यावर.

मास्तर : बोलू नका दोघी. शाई सांडेल. चांगुणा, ही रेघ हललीय. हात की पेशी?

चांगुणा : हात. सरळ करा.

मास्तर : ही?

चांगुणा : पेशी.

मास्तर : इतकी चपटी?

चांगुणा : इतकीच.

मास्तर : आणि हा बाक?

चांगुणा : हात.

मास्तर : हा?

चांगुणा : पेशी. शेजारणीनं रेटलंय तिला.

विठाबाई : बाया त्या बायाच.

मास्तर : ही पुढची तिरपी. ही मी विचारत नाही, पेशीच आहे. आता मला दिसायला लागलंय. आणि ही बघ, इथे कड मधेच संपते. एकच आहे की दोन?

चांगुणा : थांबा, मूळ कागद बघते. नाही, इथे चांदी लागलीच नव्हती. मला माहीत नाही.

मास्तर : जोडून टाकतो. एवढ्या मोठ्या गोलात कुणाला कळणार नाही.

चांगुणा : नको.

मास्तर : अगं, मग ‘माहीत नाही’ हे शाईनं काढायचं कसं?

चांगुणा : ठिपक्यांनी, मास्तर.